संपादकाचा खून : एका हँडबिलाची गोष्ट

गेल्या वर्षी आपल्या उत्सवातल्या एकांकिकेच्या आदल्या दिवशी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक निरोप आला. वर लाल पट्टी, तीवर ‘ताजी बातमी’ अशी ठळक अक्षरे आणि खाली एकच ओळ : ‘मंडळाच्या दानपेटीची चोरी, एक कार्यकर्ता ताब्यात.’ अगदी शेवटी, चष्मा लावूनही दिसू नये इतक्या बारीक अक्षरांत, एकांकिकेचे नाव आणि वेळ. आपल्याच मुलांनी गंमत म्हणून केलेली ती जाहिरात होती. तासाभरात मला चार फोन आले. त्यातला एक खमरियात राहणाऱ्या, नव्वदी ओलांडलेल्या काकूंचा होता. त्यांचा नातू मंडळात राबतो. “आमचा तर नाही ना रे तो?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मुलांनी दुसऱ्या दिवशी मोकळेपणाने माफी मागितली, प्रयोगही चांगला रंगला. तो विषय तिथेच संपला. पण यंदा संपादक मंडळाने “जुन्या जबलपूरच्या टॉकीजविषयी काही लिहा” असा आग्रह धरला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो फोन आणि १९५६-५७ चा हिवाळा एकदमच आला. त्या हिवाळ्यात अशीच एक खोटी बातमी आपल्या गावात फिरली होती. ती ओरडत फिरणाऱ्या पोरांमध्ये मीही होतो.

भुसावळहून येणाऱ्या पेट्या

माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्याने किती मराठी घरे इथे आणून वसवली हे वाचकांना सांगायला नकोच. वडिलांच्या पाठोपाठ काकाही कोल्हापूरकडून आले, पण त्यांचे मन कारखान्यात रमले नाही. ते पेंटर होते. एका टॉकीजचे बोर्ड रंगवणे आणि एकूणच प्रचाराचे काम पाहणे, हा त्यांचा धंदा.

कोल्हापूरच्या माणसाने सिनेमाचे बोर्ड रंगवावेत यात नवल काही नव्हते. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवीत, मग त्यांनी कॅमेरा तयार केला, ‘सैरंध्री’ (१९२०) सारखे चित्रपट काढले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतःच केली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर आज आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांत गणले जाते. पुढे ‘मुगल-ए-आझम’च्या (१९६०) भव्य प्रचारचित्रांमुळे गाजलेले जी. कांबळेही कोल्हापूरचेच. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. आमचे काका या मोठ्या माणसांच्या पंगतीतले नव्हेत. पण त्याच परंपरेतला एक हात होता, एवढे नक्की.

तेव्हा चित्रपट गावात कसा येई, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. चित्रपटधंद्याने देशाचे आपले वेगळे नकाशे पाडले होते. इंग्रजांच्या काळातला मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारी कागदांतून गेला, तरी धंद्यात ‘सी. पी. बेरार’ हे नाव कायम राहिले. जबलपूर याच टेरिटरीत. वितरकांच्या कचेऱ्या भुसावळ आणि अमरावतीला, कारण भुसावळ हे मोठे जंक्शन, तिथून कुठल्याही दिशेला गाडी मिळे. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या इटारसीमार्गे पार्सलने इथे येत. प्रिंटा थोड्या, गावे पुष्कळ. त्यामुळे मुंबईत लागलेला चित्रपट आमच्याकडे यायला काही महिने सहज लागत. तोवर रेडिओ सिलोनवर त्याची गाणी सगळ्यांना पाठ झालेली असत.

पेट्यांबरोबर किंवा आधी प्रचाराचे सामान येई : लिथोवर छापलेली पोस्टरे, काचेच्या पेटीत लावायचे फोटो, गाण्यांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसाठी जस्ताचे ब्लॉक, आणि इंटरव्हलला पडद्यावर दाखवायची काचेची स्लाईड. बाकीचे गावात व्हायचे. काका मांजरपाटावर सफेदा फासत, छोट्या फोटोवर आणि मोठ्या कापडावर सारख्याच चौकटी आखत, आणि एकेक चौकट मोठी करत चेहरा उभा करत. पोस्टर चिकटवायची खळ मैद्याची असे, आणि किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालत. ती खळ ढवळणे हे माझे काम, आणि आईची एकच ताकीद : “तोंडात बोट घालू नकोस.”

गुरुवारी संध्याकाळी टांगा निघे. दोन्ही बाजूंना बोर्ड, वर भोंगा, आत बसलेला एक गडी पातळ रंगीत कागदाची हँडबिले उडवत चाललेला. हिंदीत त्याला पर्चा म्हणत. गोलबाजार, मालवीय चौक, फुहारा, कमानिया गेट असा फेरा होई. मागे पोरे धावत. लाल पर्चा मिळाला की हिरवा हवा असे, आणि हिरवा मिळाला की पिवळा.

पडद्यावरचा खून

त्या हिवाळ्यात काकांच्या टॉकीजला ‘सी.आय.डी.’ आला. गुरुदत्त यांनी निर्माण केलेला आणि त्यांचे सहायक राहिलेल्या राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५६ मधला. नायक देव आनंद. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री जुळली ती पुण्यात, प्रभात स्टुडिओत. त्यामुळे आपल्या लोकांना या जोडीविषयी थोडी घरगुती आपुलकी होती. शकीला नायिका, आणि वहिदा रहमान यांचा हा हिंदीतला पहिलाच चित्रपट. छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचे, संगीत ओ. पी. नय्यर यांचे. जॉनी वॉकर मुंबईच्या रस्त्यावर जे गाणे म्हणतो ते मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांच्या आवाजात गल्लीगल्लीत वाजत होते. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती तेही त्या शहराची तक्रार गुणगुणत.

पण गोष्टीचा आरंभ गाण्यांनी होत नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. एक संपादक एका बड्या, प्रतिष्ठित दिसणाऱ्या गुन्हेगाराचे बिंग फोडणार असतो. फोनवर फोन फिरतात, धमक्या येतात, आणि बातमी छापली जाण्याआधीच संपादकाचा त्याच्या कचेरीत खून होतो. योगायोगाने तिथे असलेला एक पाकीटमार तो प्रकार पाहतो. इन्स्पेक्टर शेखर म्हणजे देव आनंद तपासाला लागतो आणि पुढे स्वतःच संशयाच्या जाळ्यात सापडतो. चित्रपट त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला.

हे सगळे काकांना भुसावळहून आलेल्या प्रतिनिधीकडून कळले. त्याच सुमारास छावणीतल्या एका इंग्रजी चित्रपटाच्या मॅनेजरने त्यांना एक अमेरिकन प्रेसबुक दाखवले होते. हॉलिवूडच्या कंपन्या चित्रपटगृहवाल्यांसाठी अशी जाडजूड पुस्तके काढत. त्यांत तयार जाहिराती असत आणि लोकांचे लक्ष वेधण्याच्या नाना युक्त्या सुचवलेल्या असत. चित्रपट वर्तमानपत्रावरचा असेल तर हँडबिल थेट वर्तमानपत्रासारखेच छापा, ही त्यातली एक नेहमीची युक्ती. काकांना ती फार आवडली.

ज्या गावात ती वापरायची होती ते गाव मात्र लक्षात घेतले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला होता. राजधानी आपल्याला मिळेल ही आशा फोल ठरून ती भोपाळला गेली, जबलपूरला हायकोर्ट आले. कालपर्यंत आपले राजधानीचे शहर असलेले नागपूर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले. कुणाची बदली कुठे, कुणाची कचेरी कुठे, याच्या चर्चेशिवाय घरांत दुसरे बोलणे नसे. लोक पेपरवर तुटून पडत.

आणि छापील शब्दाला इथे मान होता. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठी घरातल्या माणसाने हिंदी पत्रकारितेसाठी आयुष्य वेचले, १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक सोसली. त्यांच्याच पुढाकाराने १९२० मध्ये ‘कर्मवीर’ निघाले ते जबलपूरहून, माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वाखाली. संपादक म्हणजे प्रसंगी तुरुंगात जाणारा माणूस, ही समजूत गावात पक्की होती.

गुरुवारची संध्याकाळ

काकांनी पाच हजार हँडबिले छापून घेतली. रंगीत पतंगी कागदावर नव्हे, तर खऱ्या वृत्तपत्राच्या कागदावर. वर मास्टहेड, खाली चार कॉलम, आणि मधोमध काळाकुट्ट मथळा : ‘संपादक की निर्मम हत्या’. त्याखाली ‘अख़बार के दफ़्तर में वारदात, क़ातिल फ़रार’. टॉकीजचे नाव आणि खेळांच्या वेळा तळाशी, सर्वांत बारीक खिळ्यांत. टांगा त्या दिवशी काढलाच नाही. त्याऐवजी आम्हा आठ-दहा पोरांना पेपर विकणाऱ्यांसारखे गठ्ठे काखेत मारायला लावले आणि एकेका गल्लीत सोडले. काकांची सूचना एवढीच : “मथळा ओरडायचा, पुढचं काही सांगायचं नाही. विचारलं तर पर्चा हातात द्यायचा आणि पुढं व्हायचं.”

मी अकरा वर्षांचा होतो. माझ्या वाट्याला गोलबाजाराच्या मागच्या गल्ल्या आल्या, म्हणजे आमचीच वस्ती. दत्तमंदिरापासून मी ओरडत निघालो. दारे उघडत होती, बायका ओट्यावर येत होत्या. आपल्या आवाजाने एवढी माणसे बाहेर येतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले.

त्या गल्लीत एक मराठी गृहस्थ राहत. ते एक छोटे हिंदी साप्ताहिक चालवीत. संपादक तेच, मुद्रितशोधक तेच, आणि वेळ पडली तर ट्रेडलचा पाय मारणारेही तेच. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. खाद्यतेलातल्या भेसळीविषयी ते दोन महिने लिहीत होते. भेसळीविरुद्धचा नवा कायदा लागू होऊन दीड वर्ष झाले होते, पण बाजार होता तसाच होता. त्यांच्या दारात निनावी चिठ्ठ्या पडत, हे आमच्या घरीही माहीत होते. मला नव्हते.

काकू बाहेर आल्या त्या कणकेच्या हातांनी. “कुणाचा रे? कुठल्या संपादकाचा?”

मला उत्तर ठाऊक होते. एक शब्द पुरला असता. पण सूचना आठवली, शिवाय पुढच्या दारातही माणसे जमली होती. मी पर्चा त्यांच्या हातात दिला आणि ओरडत पुढे गेलो. वळून पाहिले तेव्हा त्या अनवाणी, उघड्या दाराकडे न पाहता, फुहाऱ्याच्या दिशेने धावत होत्या. तिकडे त्यांच्या यजमानांचा छापखाना होता.

पुढचे मला आईकडून कळले. यजमान खुर्चीत बसून प्रुफे तपासत होते. काकू पायरीवरच बसल्या आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. हातातला पर्चा कणकेने चिकट झाला होता.

रात्री संपादक आमच्या घरी आले. आवाज चढवला नाही. तो पर्चा काकांपुढे ठेवून म्हणाले, “पेंटरसाहेब, अक्षर सुंदर जुळलंय.”

काका ओशाळले. “खाली लिहिलंय हो सगळं,” ते म्हणाले. “टॉकीज, वेळ, सगळं आहे.”

“आहे ना. पण खालचं वाचायला माणूस जागेवर थांबला पाहिजे.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “घरच्यांना धसका बसला, तो उतरेल. मला काळजी वेगळीच वाटते. उद्या खरोखरच कुणाला काही झालं आणि पोरं असंच ओरडत आली, तर लोक म्हणतील, सिनेमाचं असेल. कडी लावून घेतील.”

काकांनी त्यांना चहा विचारला. ते थांबले नाहीत.

बटाट्याचा शिक्का

पाच हजारांपैकी तीन हजार पर्चे शिल्लक होते. नवे छापायला पैसे नव्हते आणि शुक्रवार उजाडायला काही तासच होते. काकांनी आईकडून मोठे बटाटे मागून घेतले, मधोमध कापले आणि चाकूने त्यांवर उलटी अक्षरे कोरली : ‘सिनेमा’. पेंटरच्या हाताला उलटे अक्षर सुलटे असते. ताटलीत लाल रंग ओतला आणि आम्ही सगळे जमिनीवर गोल करून बसलो. प्रत्येक पर्च्याच्या मथळ्यावर तिरपा लाल शिक्का. मध्यरात्र उलटून गेली. बटाटे मऊ पडत, मग काका नवे कोरत. त्या वेळात ते माझ्यावर रागावले नाहीत, स्वतःच्या बाजूनेही काही बोलले नाहीत.

सकाळी टॉकीजच्या मॅनेजरांनी नाक मुरडले. “सस्पेन्स घालवलात,” असे त्यांचे म्हणणे पडले. प्रत्यक्षात काहीही बिघडले नाही. गाण्यांवर आणि देव आनंदवर गर्दी लोटली, पहिल्या रविवारी तिन्ही खेळ भरले. लोकांना खेचायला संपादकाचे प्रेत लागत नव्हतेच.

मला मात्र आईने त्याच सकाळी काकूंकडे नेले. मी पाया पडलो आणि ठरल्याप्रमाणे “चुकलं” म्हणालो. त्यांनी मला जवळ बसवले. त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेलो नाही. “अरे, एखादा परका पोरगा असता तर मी दोनदा विचारलं असतं. तू आपल्यातला. म्हणून खरं वाटलं.”

संपादक दुसऱ्या आठवड्यात चित्रपटाला आले. काकांनी पास पुढे केला, तो न घेता त्यांनी तिकीट काढले. बाहेर पडताना काकांनी भीत भीत विचारले, कसा वाटला? “झकास आहे,” ते म्हणाले. “फक्त संपादक मेल्यावर त्याचा पेपर दुसऱ्या दिवशी निघाला की नाही, ते काही कुणी दाखवलं नाही.” त्यांचा स्वतःचा अंक त्या शनिवारी वेळेवर निघाला होता, भेसळीवरच्या पुढच्या लेखासह.

कायदा आणि आपण

मोठेपणी मी हा प्रसंग कायद्याच्या बाजूनेही तपासून पाहिला. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असणे बंधनकारक होते. काकांच्या पर्च्यावर ते होते. खाली टॉकीजचे नाव होते. म्हणजे काका म्हणाले तसे ‘सगळं’ होते. तो जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा लागू झाला आहे. मध्यंतरी १९६६ मध्ये प्रेस कौन्सिल स्थापन झाली आणि जाहिरात ही बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असा दंडक तिने घालून दिला. तरीही २०१० साली याच कौन्सिलला पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविषयी अहवाल काढावा लागला. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, केरळातल्या अनेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक पूर्ण पानाची जाहिरात बातम्यांच्या रूपात आली. बातम्या २०५० सालच्या, कल्पित. पण त्यात कागदी नोटा बंद होणार असा मथळा होता. २०१६ ची नोटाबंदी विसरलेल्या नसलेल्या लोकांची ते वाचून गाळण उडाली. तळटीप तिथेही असणारच. पण ती वाचायला माणूस जागेवर थांबला पाहिजे.

काकांच्या काळात असला खोटेपणा करायला पाच हजार कागद, एक छापखाना आणि दहा पोरे लागली. आता एक अंगठा पुरतो. आणि निरोप येतो तो परक्याकडून नाही; भाच्याकडून, शेजाऱ्याकडून, आपल्याच मंडळाच्या गटातून येतो. काकूंनी सांगितलेली गोष्ट नेमकी हीच आहे. आपण ओळखीच्या माणसाचा शब्द दोनदा तपासत नाही, म्हणून ओळखीच्या माणसाने तो जास्त जपून पाठवायचा असतो. मी मुलांना दोष देत नाही. मला त्या संध्याकाळची मजा अजून आठवते, आणि न उच्चारलेला तो एक शब्दही.

काकांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत ‘सी.आय.डी.’चा एक पर्चा मला सापडला, शिक्का मारलेला. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटला आहे. बटाट्याच्या शिक्क्याचा लाल रंग जेमतेम दिसतो. मथळा मात्र अजून तसाच काळाभोर आहे.

असो. यंदाच्या एकांकिकेची जाहिरात मुलांनी पाठवण्यापूर्वी मला आणून दाखवली. विषय यंदाही खुनाचाच आहे, रहस्यही चांगले जमले आहे. जाहिरातीत सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत एकच शब्द आहे : ‘नाटक’. सर्वांनी सहकुटुंब जरूर यावे. खमरियाच्या काकूंना आणायला गाडी पाठवायचे मी कबूल केले आहे.

गणपती बाप्पा मोरया!